आसुके शहरात गेले तेव्हा

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. त्यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मिळकतकर महापालिकेला भरायचा आणि पाणी टँकरचे प्यायचे, तर शहरात जायचेच कशाला, हा या वादातला प्रश्न रास्त आहे. मी राहतो त्या जपानमधल्या तोयोता शहराने १ एप्रिल २००५ रोजी आजूबाजूची सहा गावे सामावून घेतली. त्यांतले आसुके पाहिल्यापासून मात्र हा प्रश्न मला अपुरा वाटतो.

आसुके हे मिठाच्या वाटेवरचे गाव. मिकावाच्या उपसागराचे मीठ येथून घोड्यांच्या पाठीवर डोंगरापलीकडच्या शिन्शू प्रांतात जाई. वेगवेगळ्या आगरांतून आलेल्या गोण्यांचे वजन सारखे नसे. म्हणून त्या येथे सोडून, मीठ समान वजनात पुन्हा भरून पुढे पाठवत. या मिठाला ‘आसुके-नाओशी’, म्हणजे आसुकेत नीट केलेले, असे नाव पडले. मानरिनच्या अरुंद बोळात काळ्या फळ्या आणि पांढरा गिलावा यांच्या भिंतींमधून चढताना त्या व्यापाराची ऐपत आजही जाणवते. ही जुनी पेठ राष्ट्रीय संरक्षित वारसा ठरली ती २०११ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर.

१९९९ साली जपानमध्ये ३,२३२ नगरे, शहरे आणि खेडी होती. केंद्राने कर्जाच्या सवलती देऊन विलीनीकरणाला उत्तेजन दिल्यावर २०१० पर्यंत १,७२७ उरली. आसुकेचा नगराध्यक्ष गेला, नगरसभा गेली आणि तरुणांचे गाव सोडणेही थांबले नाही. हे नुकसान खरे आहे आणि मी ते झाकणार नाही. पण जुन्या गावासाठी शाखा कार्यालय राहिले आणि रहिवाशांची सल्लागार परिषद नेमली गेली. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याहून जुनी गोष्ट: १९९४ पासून, म्हणजे गावे शहरात येण्याच्या ११ वर्षे आधीपासून, तोयोता नळाच्या दर हजार लिटर पाण्यामागे एक येन बाजूला काढून वरच्या अंगाच्या डोंगरांतली जंगले राखण्यावर खर्च करत आले आहे. पाणी कोणाच्या रानातून येते, याची नोंद शहराच्या हिशेबात आधीच होती.

पुण्याजवळच्या त्या २३ गावांच्या ग्रामपंचायती २०२१ मध्ये संपल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात टँकरचा हिशेब मागायला या गावांकडे ना सरपंच होता, ना नगरसेवक.