पान मराठी, शिक्का इंग्रजीचा

इंदुरातल्या कुठल्याही मराठी मंडळाची नाहीतर मंगल कार्यालयाची साइट दुरुस्तीला आली की मी आधी सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, उघडतो, आणि डोकं तिथेच फिरतं. पानभर मराठी, आणि वर पहिल्याच टॅगमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या खुणेत, भाषेचा कोड ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी! कुठलंतरी टेम्पलेट उचललं, मजकूर चिकटवला, झालं. कुणी फारच विचार केला तर हिंदीचा ‘एचआय’ लिहून मोकळा. अहो, मराठीचा ‘एमआर’ लिहायला काय पैसे पडतात?

मग ज्या आजोबांना दिसत नाही, त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, इंग्रजी आवाज लावून मराठीची पार वाट लावतो. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श मुद्दाम घातलेले असतात, त्यातही ते हिंदी वळणाचेच उमटतात. पान मराठी आहे हे ब्राउझरला कुणी सांगायलाच नको का? ही सोय एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, १९९७च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे हो!

बाकी सगळा डिव्हचा, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या रिकाम्या चौकटीच्या टॅगचा, सुकाळ. बटण म्हणजे डिव्ह, मेनू म्हणजे डिव्ह, मथळा म्हणजे जाड केलेला डिव्ह. २०१४ साली एचटीएमएल ५ प्रमाण झालं. मेनूसाठी नॅव्ह, मुख्य मजकुरासाठी मेन, लेखासाठी आर्टिकल असे टॅग आयते हातात आले. वापरतंय कोण? नुसत्या डिव्हच्या बटणापर्यंत कीबोर्डवरची टॅब कळ दाबून पोचताही येत नाही. हे समजावून सांगावं तर उत्तर ठरलेलं, “दिसतंय ना छान? मग झालं तर!”

आता म्हणे हे सगळं एआय लिहिणार. लिहू दे बापडं. पण ते शिकलंय कुणाची पानं वाचून?