बीपी, रक्तवाहिन्या आणि स्मरणशक्ती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वाढलेल्या बीपीने मेंदूतल्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अल्झायमर मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांनी होतो, त्यात रक्तवाहिन्यांचा काय संबंध? दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. आणि असे लेख औषध कंपन्यांच्या नफ्यासाठी धडधाकट माणसांना गोळ्यांच्या नादी लावतात, म्हणून आईला सांगितलेली बीपीची गोळी तुम्ही सुरू करू दिली नाहीत.

प्रथिनांबद्दल वाद नाहीच. पण अमेरिकेतल्या कॅथलिक नन्सचा डेव्हिड स्नोडन यांनी केलेला अभ्यास बघा. 1997 साली त्याचे निष्कर्ष आले. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंपैकी 61 मेंदूंत अल्झायमरच्या पक्क्या खुणा होत्या. त्यातही ज्यांच्या मेंदूत खोलवर बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याचे एकदोन डाग होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त निघाला. अल्झायमरच्या खुणा नसलेल्यांत मात्र अशा डागांचा परिणाम फारसा दिसला नाही. म्हणजे हे दोन आजार एकमेकांच्या भरीला येतात.

हे होतं कसं? तरुणपणी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, लवचीक असते. ठोका पडला की ती फुगते, धक्का जिरवते आणि रक्त पुढे संथ जातं. वयाने आणि वाढलेल्या बीपीने ती ताठर झाली की धक्का तसाच पुढे सरकतो. मेंदूत रक्ताला अडथळा कमी, त्यामुळे तो पार बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो. बीपीचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो, तोही या ताठरपणामुळेच. 160/70 बघून 'वयाप्रमाणे ठीक आहे' म्हणत घरी जाणारी माणसं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

कार्यकारणाचा तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच प्रयोग झाले. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' या बीपी-उपचाराच्या चाचणीत 9,361 जण होते. वरचा आकडा 120च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात सौम्य विस्मरण 19 टक्क्यांनी कमी दिसलं. स्मृतिभ्रंशातली घट मात्र ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. तो ठामपणा 2025 मध्ये चीनच्या खेड्यांतून आला: 326 गावं, जवळपास 34,000 माणसं, कुठल्या गटात कुठलं गाव हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं. निम्म्या गावांत गावच्याच डॉक्टरांनी, फुकट किंवा सवलतीच्या गोळ्या देऊन, बीपी नीट आटोक्यात आणलं. चार वर्षांत तिथे स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी झाला. औषध कंपन्यांच्या नफ्याचा मुद्दा इथे लागू पडत नाही.

तुमचे आजोबा बीपी असूनही 88व्या वर्षापर्यंत तल्लख होते, याचा आनंदच आहे. पण त्यांच्यावरून आईंचा निर्णय घेऊ नका. आईंचं बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला ठेवून. ती वही घेऊन त्यांच्याच डॉक्टरांकडे जा. उभं राहताना चक्कर येत असेल तर तेही सांगा, कारण गोळीचा डोस त्यावरही ठरतो.