‘पनामात कालवा आहे, माणसं नाहीत’ म्हणे!

अमेरिकेला पनामा कालवा परत हवाय, अशी चर्चा 2025 च्या जानेवारीत पेटली. तेव्हापासून एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरतोय आणि तो मराठीतही येऊन पोचलाय. त्याचा सारांश असा: पनामा हा अमेरिकेने 1903 मध्ये कागदावर काढलेला देश. कालवा बांधताना 38 हजार अमेरिकन मेले आणि पुढे अध्यक्ष कार्टरने तो एका डॉलरला देऊन टाकला. या देशाने जगाला एकच बॉक्सर दिला, तोही ‘बस, नको’ म्हणत रिंगणातून निघून गेला. बाकी सांगतात ती मोठी नावं कालव्यावर जन्मलेल्या अमेरिकनांची. कला शून्य, आहेत ते काळ्या पैशाचे कागद. टोपीसुद्धा इक्वेडोरची. आणि शेवटी आव्हान: पनामाच्या दहा माणसांची नावं सांगून दाखवा!

नावं येतीलच ओघात. सुरुवात मेलेल्यांपासून करतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

‘38 हजार अमेरिकन मेले.’ अमेरिकेने 1904 ते 1914 या काळात कालवा बांधला. त्या काळातल्या मृत्यूंची अधिकृत नोंद 5,609 आहे. त्यातले साडेतीनशेच्या आसपास गोरे अमेरिकन. सुमारे साडेचार हजार जण कॅरिबियन बेटांवरून आलेले काळे मजूर होते. एकट्या बार्बेडोसमधून जवळपास 20 हजार माणसं भरती झाली होती. आधी फ्रेंचांनी केलेल्या फसलेल्या प्रयत्नात याहून कितीतरी जास्त माणसं मेली, पण तीही अमेरिकन नव्हती.

या मजुरांच्या पगाराची वही वेगळी असे. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत, म्हणून ते ‘गोल्ड रोल’वर. काळ्यांना चांदीच्या, म्हणून ते ‘सिल्व्हर रोल’वर. पोस्टात दोन खिडक्या, पाण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या. काम संपल्यावर यातले हजारो लोक कोलोन शहरात आणि पनामा सिटीत राहिले, त्यांना मुलंबाळं झाली. देशाने तरी त्यांना पोटाशी धरावं? अध्यक्ष आर्नुल्फो आरियास यांच्या 1941 च्या राज्यघटनेने स्पॅनिश मातृभाषा नसलेल्या काळ्यांना ‘प्रवेश निषिद्ध’ यादीत टाकलं आणि इथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचं नागरिकत्वही काढून घेतलं. त्या यादीत चिनी वंशाचे लोक होते आणि भारतातले मूळ वंशही होते, हे आपल्याकडे फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्यांनी जाता जाता लक्षात घ्यावं. 1946 च्या घटनेने हे कलम गेलं. आरियास तीनदा अध्यक्ष झाले आणि तिन्ही वेळा मुदतीआधीच हटवले गेले, 1968 मध्ये तर अवघ्या 11 दिवसांत.

अमेरिकेच्या हिशेबात हे लोक चांदी आणि पनामाच्या घटनेत परके. पनामात माणसं नाहीत म्हणणाऱ्याला नेमके हेच लोक दिसलेले नाहीत.

‘मोठी नावं कालव्यावर जन्मलेल्या अमेरिकनांची.’ हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणून नीट पाहू. सिनेटर जॉन मॅकेन 1936 मध्ये कालवा क्षेत्रातल्या, म्हणजे कालव्याभोवतीच्या अमेरिकेच्या ताब्यातल्या पट्ट्यातल्या, कोको सोलो नाविक तळावर जन्मले. वडील अमेरिकन नौदलातले, त्यामुळे मुलगाही अमेरिकन. त्यांना कुणी पनामाचं म्हणत नाही. आता त्याच पट्ट्यातला दुसरा जन्म बघा. 1 ऑक्टोबर 1945 ला एक बाई बाळंतपणासाठी आगगाडीने इस्पितळाकडे निघाल्या होत्या. गाडीत काळ्यांचे डबे वेगळे होते. गातूनजवळ धावत्या गाडीतच मुलगा झाला. त्याच गाडीत असलेल्या रॉडनी क्लाइन नावाच्या डॉक्टरने मदत केली, म्हणून मुलाचं नाव ठेवलं रॉडनी क्लाइन कॅर्यू. हाच बेसबॉलचा रॉड कॅर्यू. फलंदाजीची सात विजेतेपदं, 3,053 हिट्स, 1991 मध्ये हॉल ऑफ फेम. अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम फलंदाजाला आता त्याच्याच नावाचा किताब मिळतो. कालवा क्षेत्रात जन्मला म्हणून तो अमेरिकन ठरला नाही. अमेरिकन नागरिक तो 2024 मध्ये झाला, वयाच्या 78 व्या वर्षी. तोवर सगळी कारकीर्द पनामाचा नागरिक म्हणूनच!

मारियानो रिवेराचा तर कालव्याशी एवढाही संबंध नाही. पुएर्तो काइमितो हे मच्छीमारांचं गाव, वडील मासेमारीच्या बोटीवर. मुलं दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे हातमोजे करून खेळत. बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगतो, रिवेराचं काम आपल्या डेथ ओव्हर टाकणाऱ्या गोलंदाजासारखं. आघाडी हातात असताना शेवटी यायचं आणि ती निसटू द्यायची नाही. हे त्याने 652 वेळा केलं, तो विक्रम आहे. आणि जवळजवळ एकाच चेंडूवर केलं. तो ‘कटर’ येणार हे समोरच्याला ठाऊक असायचं, तरी बॅट तुटायची. 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी 425 पैकी 425 पत्रकारांनी त्याला मत दिलं. त्याआधी असं एकमत कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं, बेब रूथच्याही नाही.

‘एक बॉक्सर, तोही पळपुटा.’ रोबेर्तो दुरान एल चोरियोचा. पनामा सिटीतली कालवा क्षेत्राला खेटून असलेली गरीब वस्ती ती. टोपणनाव ‘मानोस दे पिएद्रा’, म्हणजे दगडी हातांचा. जून 1980 मध्ये माँट्रियलला त्याने तोवर अपराजित असलेल्या शुगर रे लेनर्डला हरवलं. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या फेरलढतीत आठव्या फेरीत त्याने पाठ फिरवली. ‘नो मास’ (बस, नको) हे शब्द आपण उच्चारलेच नाहीत, असं तो अजून सांगतो. उच्चारले असोत-नसोत, लढत त्याने सोडली, यात वाद नाही. मी त्याची बाजू घेत नाही.

पण फॉरवर्डची गोष्ट तिथे संपते आणि दुरानची संपत नाही. 16 जून 1983 ला, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेव्ही मूरला झोडपून तो तिसऱ्या वजनगटात जगज्जेता झाला. 1989 मध्ये, वय 37, आपल्यापेक्षा उंच आणि तरुण असलेल्या आयरन बार्कलीला हरवून चौथ्या गटात. त्याच वर्षी डिसेंबरात पनामाचा लष्करशहा नोरिएगा याला पकडायला अमेरिकन सैन्य आलं आणि एल चोरियोचा मोठा भाग जळून गेला.

शिवाय दुरान ‘एकच’ कसा? 1929 मध्ये कोलोनचा अल ब्राउन बँटमवेट जगज्जेता झाला, लॅटिन अमेरिकेचा पहिला. लांब उडीत 2008 चं बीजिंग सुवर्ण 8.34 मीटरवर नेणारा इर्विंग सालादिनोही कोलोनचाच. पॅरिस 2024 ला महिला बॉक्सिंगचं रौप्य अथेना बायलोनने आणलं. घोड्यांच्या शर्यतींचा नाद असलेल्यांना लाफित पिनकायचं नाव माहीत असेल: 9,530 शर्यती जिंकलेला जॉकी.

‘कागदावरचा देश, एका डॉलरचा कालवा.’ 1903 मध्ये अमेरिकन युद्धनौका उभी नसती तर कोलंबियापासून वेगळं होणं जमलं नसतं, हे मान्य. पण वेगळं होण्याची ओढ अमेरिकेने पेरली नाही. 1821 मध्ये पनामाने स्वतःच स्पेनचं जू झुगारलं आणि राजीखुशीने बोलिव्हारच्या कोलंबियात सामील झाला. 1840 मध्ये तोमास एर्रेराने वेगळं राज्य घोषित केलं, ते 13 महिने टिकलं. 1855 मध्ये हुस्तो आरोसेमेनाने कोलंबियाच्या आतच पनामाला संघराज्याचा दर्जा मिळवून दिला. कागदावरचं म्हणायचं तर 1903 चा कालव्याचा करार कागदावरचा. पनामाच्या वतीने त्यावर सही केली ती बुनो-वारिया नावाच्या फ्रेंच माणसाने. पनामाचे खरे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पोचले ते सही झाल्यावर काही तासांनी.

त्या कराराने कालव्याचा पट्टा अमेरिकेकडे ‘कायमचा’ गेला होता. 9 जानेवारी 1964 ला इन्स्तितुतो नासिओनाल या पनामाच्या शाळेचे विद्यार्थी कालवा क्षेत्रातल्या शाळेसमोर आपला झेंडा लावायला गेले. झेंडा फाटला, दंगल पेटली, वीसहून अधिक पनामावासी मेले. पनामाचे अध्यक्ष चियारी यांनी थेट अमेरिकेशी संबंध तोडले. ‘चार जुलै’चं नाव असलेला सीमेवरचा रस्ता पुढे हुतात्म्यांच्या नावाचा झाला. त्यानंतर 13 वर्षांनी, 7 सप्टेंबर 1977 ला, ओमार तोरिहोसने कालवा परत देण्याच्या करारावर कार्टरकडून सही घेतली. अमेरिकन सिनेटने 68 विरुद्ध 32 मतांनी ती मान्य केली. एक डॉलर यात कुठेच नाही. तोरिहोस लष्करी उठावातून आलेला हुकूमशहा होता आणि त्याच्या राजवटीत एक्तोर गायेगो हा पाद्री 1971 मध्ये गायब झाला. त्याची आरती ओवाळायचं कारण नाही. पण दान मिळालं म्हणणं म्हणजे 1964 पुसून टाकणं. 31 डिसेंबर 1999 ला कालवा हाती आला तेव्हा अध्यक्ष होत्या मिरेया मोस्कोसो, त्याच आर्नुल्फो आरियासच्या विधवा. दैवाचेही काय खेळ असतात! जास्त मोठ्या जहाजांसाठीचे नवे जलपाश (जहाज पाण्यासकट वर-खाली करणारे कप्पे) 2016 मध्ये पनामाने स्वतः उघडले.

‘कला शून्य.’ साल्साचं मूळ क्युबाचं आणि घडण न्यूयॉर्कची, हे खरं. पण त्यात गल्लीतल्या माणसांच्या गोष्टी आणि राजकारण घालणारा रुबेन ब्लेड्स पनामा सिटीचा. आजोबा सेंट लुशिया बेटावरून आलेले, म्हणून आडनाव इंग्रजी. हार्वर्डमध्ये कायदा शिकला, 1994 मध्ये अध्यक्षपदाला उभा राहून तिसरा आला, पुढे पर्यटनमंत्री झाला. रेगेटॉन हा संगीतप्रकार पोर्तो रिकोने जगभर नेला, पण त्याआधी जमैकन रेगे स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली ती पनामातल्या रेनातो, नांदो बूम आणि एल हेनेराल यांनी, म्हणजे पुन्हा त्याच मजुरांच्या वंशजांनी. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनमागे ढोल बडवणारा बिली कोबॅम? जन्म कोलोन, 1944.

हो, आणि ‘पनामा पेपर्स’ (परदेशी कंपन्यांत पैसा ठेवणाऱ्यांची फुटलेली कागदपत्रं) ज्या कंपनीचे, तिचा भागीदार रामोन फोन्सेका कादंबरीकार होता. देशाचा साहित्यातला रिकार्दो मिरो पुरस्कार त्याला दोनदा मिळालाय. ‘कला शून्य’ आणि ‘काळ्या पैशाचे कागद’ हे दोन आरोप निदान एका मजकुरात एकत्र घालू नयेत.

टोपी मात्र खरंच इक्वेडोरची. पनामाच्या बंदरातून विकली गेली म्हणून तिला ते नाव चिकटलं. फॉरवर्डमधलं ते एक वाक्य तसंच राहू द्या.