क्रीडा संकुल ‘मोफत’ मिळतंय म्हणजे नेमकं किती मिळतंय?

आरक्षित मैदानाच्या जागी ‘गृहप्रकल्प आणि क्रीडा संकुल’ असा प्रस्ताव आला की गावभर एकच वाद सुरू होतो: घरं हवीत की मैदान? अहो, दोन्ही हवीत. भांडायचंच असेल तर चौरस मीटरवर भांडा, फसगत तिथेच होते.

मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून युडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियमावली लागू आहे. त्यात 4,000 चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती बिल्डरची मेहेरबानी नव्हे. या मोकळ्या जागेत एफएसआयमध्ये (भूखंडावरच्या बांधकामाच्या मर्यादेत) न धरता क्लबहाउस किंवा व्यायामशाळा बांधता येते, पण फार तर दुमजली, एकूण बांधकाम मोकळ्या जागेच्या 15 टक्के, आणि तळमजला तिच्या 10 टक्क्यांपर्यंतच.

आता दहा एकरांचा, म्हणजे साधारण 40,000 चौ.मी.चा भूखंड धरा. मोकळी जागा 4,000. त्यावर बांधकाम 600, त्यातला तळमजला 400. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर, म्हणजे 432! ब्रोशरमधल्या ‘भव्य’ संकुलाच्या तळमजल्यात ते एकसुद्धा मावत नाही. शिवाय ही जागा त्या लेआउटमधल्या रहिवाशांच्या सामाईक वापराची. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांना वॉचमन आत सोडणार नाही, आणि नियमाने त्याचं चुकणारही नाही.

गावाच्या उपयोगाची जागा वेगळी: विकास आराखड्यातलं आरक्षण, किंवा 20,000 चौ.मी.पासून पुढे सोडावी लागणारी 5 टक्के सुविधा जागा, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा. आपल्या उदाहरणात ती 2,000 भरते. म्हणून नकाशातली हिरवी झाडं बघू नका (ती आर्किटेक्ट फुकटात लावतो), कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता वाचा. संकुल ‘मोकळी जागा’ या ओळीत धरलंय की ‘सुविधा जागा’ या ओळीत, एवढं कळलं की निम्मा वाद मिटतो.

मुळात मैदान हातचं का जातं? अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक पालिकेला नोटीस देतो. मग 24 महिन्यांत संपादनाची खरी पावलं पडली नाहीत की आरक्षण संपलं. ‘खरी’ म्हणतोय, कारण नुसता ठराव करून किंवा पत्र पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात 2007 मध्येच सांगितलं. म्हणून आधी विचारा: कलम 127 ची नोटीस आली होती का, कोणत्या तारखेला, आणि तेव्हा काय केलं? माहिती अधिकाराच्या एका अर्जाचं काम आहे.

आरक्षण जिवंत असेल आणि ते बदलायचं असेल तर त्याच कायद्याचं कलम 37. राजपत्रात सूचना येते, हरकतींना एक महिना मिळतो, मग सुनावणी, मग मंजुरीसाठी शासनाकडे. फ्लेक्स लागेपर्यंत थांबलात तर त्या महिन्यातले दिवस गेलेले असतात.

आणि शब्दांवर लक्ष ठेवा. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 च्या नियमात सरळ वाटणी होती: साधारण एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, साधारण एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, उरलेली मालकाला. 2001 च्या दुरुस्तीत ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती झाली. गिरणीत शेडच शेड, रिकामं राहणार ते काय? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. मैदानंही गेली आणि परवडणारी घरंही.

हरकत लिहिताना गट किंवा सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, सूचनेची तारीख, मुद्दा आणि नेमकी मागणी एका पानात बसवा. पाचशे जणांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्स दिल्या तर फायलीत तो एकच मुद्दा होतो. पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे द्या. ‘प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य विसरू नका, आणि पोच घेताना शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिन्ही बघा. मागणीही ‘प्रकल्प रद्द करा’ एवढीच नको. सार्वजनिक संकुलाची जागा पालिकेच्या नावावर झाल्याशिवाय शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, ही अट मंजुरीतच लिहून मागा.

सुनावणीला जाताना लेआउटची मोठी प्रिंट न्या. त्याच प्रमाणात कापलेला 27 बाय 16 चा पुठ्ठा क्लबहाउसवर ठेवा. बाकी बोलणं फारसं लागणार नाही.