‘मशीनमधला ब्रेड म्हणजे फुगलेली पोळीच’ म्हणे!

‘बाजारचा ब्रेड विष, मशीनमधला ब्रेड अमृत’ हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेला असेल. सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण, आणि शेवटी ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’. मी तो नेहमीप्रमाणे सोडून दिला होता. पण परवा मावशीचा फोन आला. तिला कित्येक वर्षांचा मधुमेह, दोन वेळच्या गोळ्या चालू. सुनेनं ब्रेड मशीन (पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं आपोआप करणारं यंत्र) घेतलंय, आणि मावशीनं सकाळची भाकरी बंद करून कणकेच्या ब्रेडचे तीन जाड स्लाइस सुरू केलेत. वर मलाच सांगते, “अगं, ही फुगलेली पोळीच की! मेसेजमध्ये सगळं दिलंय.”

म्हणून हे लिहिणं आलं. माझ्याकडे स्वतःचं मशीन आहे, मला ते मनापासून आवडतं, तेव्हा मी कुठल्या बेकरीवाल्याची सुपारी घेतलीय का हे कृपया विचारू नये.

आधी मावशीचाच मुद्दा घेते, कारण बाकीच्या बहुतेकांनी फार तर ब्रेड बिघडेल, यानं माणूस बिघडेल. मेसेज म्हणतो: ‘तीन तासांत यीस्ट पिठातली सगळी साखर खाऊन टाकतं, त्यामुळे घरचा गव्हाचा ब्रेड मधुमेहींनी पोटभर खावा.’

यीस्ट साखर खातं, बरोबर. पण किती? नेहमीच्या पाककृतीत ४०० ग्रॅम पिठाला एक-दोन चमचे साखर पडते. ती यीस्ट फस्त करतं. शिवाय पिठातल्या एन्झाइममुळे स्टार्चची जी थोडीफार साखर होते, तिच्यातलीही काही खातं. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गोळा फुगतो. इथे यीस्टचं काम संपलं. त्या ४०० ग्रॅम कणकेत दोनशे ग्रॅमच्या वर स्टार्च असतं, त्यातलं जवळजवळ सगळं जागच्या जागी राहतं. भाजणं सुरू झालं की ५५-६० अंशांपुढे यीस्ट मरून जातं. उरलेलं स्टार्च आपण खातो, पचवतो, आणि पचल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. चव गोड लागत नाही म्हणून साखर नाही, हा हिशेब पहिल्यांदा कुणी मांडला देव जाणे.

आता ‘पोटभर’ बघू. ४०० ग्रॅम पिठाच्या लोफचे घरी साधारण दहा स्लाइस निघतात, कारण ताजा ब्रेड पातळ कापताच येत नाही, सुरीखाली दबतो. म्हणजे एका स्लाइसमध्ये ४० ग्रॅम पीठ. आपल्या घरची मध्यम पोळी २५ ते ३० ग्रॅमची. मावशीचे तीन स्लाइस म्हणजे चार पोळ्यांहून जास्त पीठ झालं, आणि तेही नुसत्या न्याहारीला. चार पोळ्या वाढल्या असत्या तर तीच म्हणाली असती, “मला काय नांगराला जुंपणार आहात?”

आणि पीठ तेच असलं तरी ब्रेड पोळीसारखा वागत नाही. ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात २००८ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ग्लायसेमिक इंडेक्सचा मोठा आंतरराष्ट्रीय तक्ता प्रसिद्ध केला. ग्लुकोजला १०० धरून कुठला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, याचे सरासरी आकडे त्यात आहेत. मैद्याचा पांढरा ब्रेड ७५. पूर्ण गव्हाचा ब्रेड ७४. एका अंकाचा फरक! त्याच तक्त्यात चपाती ५२ आणि गव्हाची रोटी ६२. ब्रेडचं पीठ सैल मळलेलं असतं, भाजताना त्यातलं स्टार्च पाणी पिऊन फुलतं, वर आतून सगळी जाळी. पाचक रसांना आत शिरायला मोकळं रान मिळतं. कोंडा असल्यानं फायबर मिळतं, पोट साफ राहायला मदत होते, ते फायदे आहेतच. पण साखर चढायची थांबत नाही.

हे सरासरीचे आकडे आहेत, प्रत्येकाचं शरीर वेगळं, तेही मान्य. त्यासाठीच घरात ग्लुकोमीटर असतो. एक दिवस एक स्लाइस खाऊन दोन तासांनी बोट टोचा, दुसऱ्या दिवशी एक भाकरी खाऊन टोचा. फॉरवर्डपेक्षा ते खरं बोलेल. आणि परस्पर न्याहारी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या त्यांनी जुन्या खाण्याच्या हिशेबानं दिलेल्या असतात.

अर्धं खरं इथेही आहे, नाइलाजानं सांगते. सावरडोसारख्या, आंबवणातल्या जिवाणूंनी सावकाश आंबवलेल्या ब्रेडनं साखर जरा सावकाश चढते, आणि अख्ख्या धान्याचे दाणे, बिया भरपूर असलेल्या ब्रेडचा आकडा त्या तक्त्यात ५३ आहे. पण इन्स्टंट यीस्ट टाकून तीन तासांत बाहेर येणारा, गिरणीवरच्या बारीक पिठाचा लोफ या दोन्हींत बसत नाही.

दुसरा घातक मुद्दा: ‘खपली गहू घातला की ब्रेड ग्लूटेन-फ्री, सिलिॲकवाल्यांनाही चालतो.’ अजिबात नाही! ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, त्याचीच जाळी पिठातला वायू धरून ठेवते; आणि सिलिॲक या आजारात तेच आतड्याला इजा करतं. खपली हा गहूच. त्याचं ग्लूटेन कमजोर असतं, ताणलं की तुटतं, म्हणून नुसत्या खपलीचा लोफ बसका आणि विटेसारखा जड होतो. पण कमजोर म्हणजे नसलेलं नव्हे. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं, हा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम. गव्हाचा साधा लोफ त्याच्या जवळपासही जाणार नाही. यीस्ट ग्लूटेन ‘खाऊन टाकतं’ असंही मेसेजमध्ये आहे. मग फुगा धरून कोण ठेवतं म्हणे?

ब्रोमेटचा, म्हणजे ब्रेड छान फुगावा म्हणून पिठात टाकायच्या रसायनाचा मुद्दा. ‘बाजारच्या प्रत्येक ब्रेडमध्ये कॅन्सरचं रसायन असतं.’ याला मूळ आहे. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं ब्रेड, पाव, बन अशा ३८ नमुन्यांची तपासणी केली आणि ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. गदारोळ झाला, आणि पुढच्याच महिन्यात प्राधिकरणानं ब्रोमेटवर बंदी घातली. म्हणजे त्या वेळी ओरड रास्त होती. आज कुठल्याही गल्लीतल्या भट्टीत कोणीच चोरून टाकत नाही, अशी हमी मी देणार नाही. पण ‘प्रत्येक ब्रेडमध्ये’ हे धादांत खोटं. घरी आपण काय टाकतो ते आपल्याला ठाऊक असतं, एवढा मुद्दा मात्र मशीनच्या बाजूनं जातो.

‘बटण दाबा आणि विसरा, मळताना झाकण उघडू नका.’ हे लिहिणाऱ्यानं मशीन फोटोतच पाहिलं असावं. गिरणीच्या दगडाखाली आपल्या पिठातलं स्टार्च जास्त फुटतं आणि कोंडाही असतो, त्यामुळे ते जास्त पाणी पितं. मशीनसोबतच्या पुस्तिकेतलं माप बहुधा वेगळ्या पिठाचं असतं. म्हणून मळणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडायचंच. पातं गोळ्याला फिरवत असतं. गोळा भांड्याच्या भिंतीला न चिकटता मऊ, किंचित ओलसर दिसला की जमलं. कोपऱ्यात कोरडं पीठ राहिलंय, पातं धडधडतंय? चमचा-चमचा पाणी. तळाशी चिखल पसरलाय? चमचाभर पीठ. झाकण उघडायचं नाही ते नंतर, फुगताना आणि भाजताना.

‘नैसर्गिक असल्यामुळे आठवडाभर टिकतो’ हे तर उलटंच. बाजारच्या ब्रेडला बुरशी उशिरा लागते ती त्यातल्या कॅल्शियम प्रोपिओनेटसारख्या परिरक्षकामुळे. आपल्या ब्रेडमध्ये तसलं काही नाही, त्यामुळे पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले तर नवल नाही. तेवढा भाग काढून खाऊ नका, बुरशीचे धागे आत गेलेले असतात. ‘फ्रिजमध्ये ताजा राहतो’ हेही चूक. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा लागते, पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा, भुसभुशीत होतो. पूर्ण गार झाल्यावर कापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसा स्लाइस थेट तव्यावर टाका.

राहिला विजेचा मुद्दा: ‘एका ब्रेडला साधारण अर्धा युनिट.’ हा बरोबर आहे. मशीन तीन-साडेतीन तास चालू दिसलं तरी हीटर पूर्ण जोरात लागतो तो शेवटच्या तासाभरात, बाकीचा वेळ मोटर थोडी फिरते आणि पीठ नुसतं बसून असतं.