यादीतली शेवटची ओळ

आमच्या ह्यांची सारी नोकरी बँकेच्या लेखापरीक्षण विभागात गेली, त्यामुळे अंदमानला जायचे ठरले तेव्हा तिकिटांच्या आधी यादी तयार झाली. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून झाल्यावर आम्ही बोटीने नील बेटावर उतरलो, तेव्हा ती यादी ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात लाल पेनाशेजारी बसली होती. 2018 साली या बेटाचे नाव शहीद द्वीप झाले असल्यामुळे ह्यांनी यादीच्या मथळ्यावर दोन्ही नावे लिहून मध्ये 'ऊर्फ' घातले होते.

पहिली बाब होती लक्ष्मणपूर किनाऱ्यावरील सूर्यास्त, वेळ सायंकाळी सहा. (बेटावर राम, लक्ष्मण, भरत आणि सीता या चौघांच्याही नावाचे किनारे आहेत. भरताला वनवास नसतानाही समुद्रकिनारा मिळाला, याचे मला बरे वाटले.) आम्ही पावणेसहाला पोहोचलो, तर किनाऱ्यावर मिट्ट काळोख होता आणि शहाळेवाला दुकान आवरत होता. नोव्हेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे त्याने इतक्या सहज सांगितले की जणू आम्हीच उशिरा येऊन सूर्याचा खोळंबा केला होता. हे तिथेच वाळूत बसून हिशेब करू लागले. पुण्यापासून आपण सुमारे 19 रेखांश पूर्वेला आलो, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सव्वा तास. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. हिशेब तंतोतंत जुळल्याने ह्यांना इतका आनंद झाला की सूर्य हुकल्याचे दुःख माझ्या एकटीच्या वाट्याला आले.

त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सीतापूरच्या सूर्योदयासाठी मला उठवण्यात आले. सूर्य उगवला, खूण झाली. मग काचेच्या तळाच्या नावेतून भरतपूरची प्रवाळे पाहिली, पुन्हा खूण झाली. ओहोटी सकाळचीच होती, म्हणून तिथून तडक लाटांनी खडक पोखरून तयार झालेली ती कमान गाठली, जिला इथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. भरतीत तिथे जाता येत नाही आणि ओहोटीत धड चालता येत नाही, कारण वाट सगळी मेलेल्या प्रवाळाच्या खडबडीत, शेवाळलेल्या दगडांवरून जाते. मी एका हाताने साडी आणि दुसऱ्या हाताने वाटाड्या असा तोल सांभाळत असताना त्याने एका डबक्यात काळी, लिबलिबीत, वीतभर लांब वस्तू दाखवली आणि ही समुद्रकाकडी असल्याचे सांगितले. कोशिंबिरीला चालते का, असे ह्यांनी विचारले. तो हसला नाही. बहुधा प्रत्येक पर्यटक हेच विचारत असावा. शेजारच्या काकूंना शंख हवा होता, पण इथून शंख-प्रवाळ उचलून नेण्यास मनाई आहे. तरी ह्यांनी केवळ पाहण्यासाठी म्हणून एक देखणा शंख तळहातावर घेतला, तेव्हा त्यातून सहा बारीक पाय बाहेर आले आणि तो खेकडा आपल्या बिऱ्हाडासह ह्यांच्या मनगटाच्या दिशेने चालू लागला. ह्यांनी मारलेली उडी यादीत नव्हती.

साडेदहाला आम्ही खोलीवर परतलो तेव्हा यादी संपली होती आणि परतीची बोट दुसऱ्या दिवशी दुपारची होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रिक्षाने थोड्याच वेळात जाता येते, अशा बेटावर रिकामे लेखापरीक्षक सांभाळणे फार कठीण असते. हे दोनदा बाजारात जाऊन आले. नीलच्या शेतांतली भाजी बोटीने राजधानीपर्यंत जाते, हे कळल्यावर ह्यांनी एका भाजीवालीला वांग्यांचा भाव, वाहतूक आणि नासाडी यांवर इतके प्रश्न विचारले की बिचारी शेवटी अर्धा किलो वांगी फुकट देऊन मोकळी झाली. खोलीत चूल नव्हती. ती वांगी टेबलावर ओळीने मांडून ठेवली गेली.

जेवण झाल्यावर मी माडांना बांधलेल्या झोळीत आडवी झाले आणि लाटांच्या आवाजात डोळा लागणार, एवढ्यात कागदाची सळसळ ऐकू आली. हे खुर्चीत बसून यादीच्या तळाशी काहीतरी लिहीत होते. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला, तेव्हा मी हळूच तो कागद ओढून पाहिला. शेवटची ओळ होती : 'विश्रांती, दुपारी 2 ते 2.45', आणि साऱ्या नोकरीत कामाआधी कधीही खूण न करणाऱ्या माणसाने तिच्यापुढे आगाऊच लाल खूण करून ठेवली होती.