केळीच्या सालींनी बटाट्याची स्फुरदाची भूक भागत नाही

दिवाळीनंतर मुंबईत गच्चीवर, बाल्कनीत बटाटे लावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्यात म्हटलेलं असतं: पानं जांभळी झाली म्हणजे स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडलाय, केळीच्या सालींचं पाणी द्या, खालची जुनी पानं खुडा, खत मुळीच नको, कारण बटाट्याची मुळं आम्ल सोडून मातीतला स्फुरद स्वतःच मोकळा करतात. हे ऐकून कुंडी सांभाळली तर हाती चार गोट्या लागतात, म्हणून एकेक मुद्दा बघू.

'पानं जांभळी म्हणजे स्फुरद कमी.' बटाट्यात ही खूण भरवशाची नाही. लाल सालीच्या अनेक जातींच्या खोडा-देठांवर जांभळी झाक मुळातच असते. उपाशी बटाटा उलट जास्तच हिरवा दिसतो. पान वाढत नाही, पण हरितद्रव्य फारसं घटत नाही, म्हणून रंग गडद आणि निस्तेज होतो. पर्णिका बारीक राहून कडांनी वर वळतात, वाटीसारख्या. हा दाट हिरवा रंग बघून झाड ठणठणीत वाटतं आणि मोलाचे आठवडे निघून जातात.

'मुळं स्वतःच सोय करतात.' करतात, पण पोटाला चिमटा घेऊन. जुन्या पानांतला स्फुरद नव्या शेंड्याकडे जातो. मूळरोम लांब आणि दाट होतात. मुळं फॉस्फटेज नावाचं विकर सोडून सेंद्रिय पदार्थात अडकलेला स्फुरद सोडवतात; मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशीही हात देते. तरी अडचण उरतेच. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, त्यामुळे मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं, आणि बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या ३० सेंटीमीटरमध्येच असतात.

आम्लाची गोष्ट तुरीला शोभते. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाशी घट्ट बांधलेला स्फुरद सोडवतात. बटाट्याकडे ती ताकद नाही. नर्सरीतून येणारी लाल माती लोह-ॲल्युमिनियमने भरलेली, म्हणजे स्फुरद धरून ठेवणारी. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, तर मोकळा करायला फारसं काही नसतंच, म्हणून नुसतं पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ओतूनही उपयोग होत नाही. त्यात मुळांवर खर्च झालेली साखर बटाट्यांना मिळत नाही.

'केळीच्या सालींचं पाणी पुरे.' सालीत भरपूर असतं ते पालाश, म्हणजे पोटॅशियम; स्फुरद नव्हे. कोकोपीटमध्ये ते आधीच असतं.

'जुनी पानं खुडा.' झाड त्याच पानांतून स्फुरद काढून घेत असतं. ती पूर्ण वाळल्यावर आपोआप गळू द्या. रोग दिसला तरच काढा.

'खत नको.' १५ इंची ग्रो बॅगला सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, लागतं. ते सगळ्या मातीत कालवू नका. जितकी जास्त माती लागेल तितकं जास्त अडकेल. मूठभर कुजलेल्या शेणखतात मिसळा, बेण्याच्या, म्हणजे लावायच्या बटाट्याच्या, ५ सेंटीमीटर खाली नि जरा बाजूला ठेवा, वर मातीचा थर द्या. डीएपी हे दुसरं स्फुरदाचं खत बेण्याला चिकटलं तर कोवळी मुळं जळतात. बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, सावकाश विरघळतं, आणि बटाटा साधारण ९०–१०० दिवसांचं पीक. ते द्यायचंच तर लावणीच्या दोन महिने आधी. चमच्याचे तीन चमचेही करू नका: जादा स्फुरदाने जस्ताची कमतरता होते आणि मायकोरायझाही मंदावते.

लक्षणं उशिरा दिसली तर वरून टाकलेलं खत खाली पोचत नाही. भर देताना, म्हणजे खोडाभोवती माती चढवताना, तेवढंच शेणखत-सुपर फॉस्फेट खोडालगत, पण खोडाला न चिकटवता, भरीत घाला. गाडलेल्या खोडाला फुटणारी नवी मुळं ते उचलतात. सोबत १२:६१:०० हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. मात्र बटाटे किती धरणार हे लावणीनंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच बरंचसं ठरतं. त्या काळात रात्री उकाड्याच्या गेल्या, तर स्फुरद पुरेसा असूनही बटाटे कमी धरतात. म्हणून मुंबईत लावणी नोव्हेंबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत उरकावी.